फव्वाऱ्याची खरी गोष्ट

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे की आमच्या पंपावरच्या कुत्र्यालाही ती पाठ असावी. आणि तरी — जरा ऐका — ही गोष्ट मी आजवर कोणाला सांगितलेली नाही. म्हणजे जी सांगत आलो ती वेगळी होती. तिच्यावर लोक पोट धरून हसत, टाळी देत, माझ्यासाठी चहा मागवत. आज जी सांगतो तिच्यातही हसायला जागा आहे, नाही असं नाही. फक्त हसून झाल्यावर माझ्या तोंडाकडं पाहू नका म्हणजे झालं. ही बायकोला सांगितली नाही. मालकाला सांगितली नाही. देवासमोर हात जोडून उभा राहिलो तेव्हाही मी विषय बदलला. तुम्ही दुसरे. पहिला कोण, ते येईलच.

तर मी पेट्रोल पंपाचा मॅनेजर. बल्लारपूरहून गोंडपिपरीकडं निघालात की सागवान संपून धानाच्या बांध्या सुरू होतात तिथं आमचा पंप लागतो. या भागात माझी ओळख दोन गोष्टींमुळं आहे. एक माझं पोट. दुसरं माझं भाषण. पोटाबद्दल नंतर. भाषण असं की कुठल्या पंपावर नवी माणसं लागली, किंवा सूरजागडहून खनिज वाहणाऱ्या ट्रकांसाठी कोणी डिझेलचं यार्ड उघडलं, की मला बोलावतात. ‘मुरलीभाऊले बलवा. टाकी कशी भरावं ते लय हसवून सांगते.’ मी जातो. टॉवेलानं घाम पुसतो आणि सुरू करतो.

काय सांगतो? तेच, जे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. जमिनीखालची टाकी श्वास घेते, हे सांगतो. गंमत नाही. पेट्रोल विकलं की टाकीत जागा होते आणि तेवढी हवा आत जावी लागते. टँकर रिकामा करताना पेट्रोल आत शिरतं आणि तेवढी हवा बाहेर पडावी लागते. घरात नवे पाहुणे घ्यायचे तर जुने बाहेर निघायला दार नको का? त्यासाठी टाकीवरून एक उंच नळी उभी केलेली असते, व्हेंट पाइप. ती टाकीचं नाक. टाकीतली हवा म्हणजे साधी हवा नव्हे, पेट्रोलची वाफ. ठिणगी मिळाली तर सोडत नाही. म्हणून नाक उंच, डोक्यावरून, वाऱ्यात. नाक मोकळं ठेवा, त्याच्या आसपास आग नको, टँकरला अर्थिंगची तार लावा, भरताना झाकणं उघडू नका. एवढं झालं की मी थांबतो, डोळे बारीक करतो आणि म्हणतो, ‘आता तुमाले फव्वाऱ्याची गोष्ट सांगतो.’

इथं लोक सावरून बसतात.

त्या गोष्टीत एक ड्रायव्हर असतो. केसांना मेंदी, खिशात कंगवा, टँकर खाली करताना गाणं म्हणणारा. घाईत तो टँकरचा व्हॉल्व्ह चालू ठेवून टाकीचं झाकण उघडतो आणि पेट्रोलचं कारंजं थेट त्याच्या मेंदीवर. मग मी त्याची नक्कल करतो. डोळे मिटून, दाढी झाडत, ‘या अल्ला, नहा लिया!’ हे तो म्हणालाच नव्हता. मी घातलं. गोष्ट सांगता सांगता सुधारतेच, नाही का? पहिल्या वर्षी कारंजं कमरेएवढं होतं. अलीकडं ते पंपाच्या छताला लागायचं.

ड्रायव्हरचं नाव शब्बीरभाई. भाषणात मी नाव घेत नसे — एवढा सभ्यपणा! — पण बल्लारपूरपासून आष्टीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. कारण त्याला ‘फव्वारा’ हे नाव ठेवणारा मीच. चहाच्या टपरीवर, त्याच आठवड्यात. ते नाव असं चिकटलं की त्याच्या मोहल्ल्यात पोरं सायकलवरून ओरडत जायची.

शब्बीरभाई माझा दोस्त होता, हे सांगायचं राहिलं. की मुद्दाम राहू दिलं? टँकर लावला की तो आधी आरशात केस नीट करायचा, मग चाकांखाली लाकडाचे गुटके सरकवायचा, तार लावायचा, बिस्मिल्ला म्हणायचा आणि मग माझ्याकडं वळायचा. ‘मॅनेजरसाब, पोट काय म्हनते? याले बी एखादा व्हेंट पाइप बसवून घ्या ना, नाईतं एक दिवस झाकन उडन!’ मी म्हणायचो, ‘तू तुझी मेंदी सांभाळ रे, म्हातारचळ्या!’ ईदेला त्याच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा. आमच्याकडून दिवाळीला अनारसे जायचे. असं सगळं.

मग ‘त्या’ दिवशी काय झालं? थांबा. आधी आदला दिवस.

पोळ्याचा दुसरा दिवस म्हणजे आमच्याकडं तान्हा पोळा. पोरांचा. मोठ्यांचे बैल आदल्या दिवशी मिरवून होतात. दुसऱ्या दिवशी पोरं आपापले लाकडी नंदी सजवून, चाकांवर ओढत आणतात, तोरणाखाली रांगेत उभे करतात, पूजा होते, तोरण तुटतं, पोळा फुटतो आणि मग पोरं घरोघर बोजारा, म्हणजे पोळ्याचा खाऊ-पैसा, मागत सुटतात. आमच्या गावात हा तान्हा पोळा मी भरवायचो. पंपाच्या मागच्या आवारात. हो — पंपाच्या. आता तुमच्या कपाळावर आठी आली ना? तेव्हा माझ्या कपाळावर नव्हती. आवार मोठं, भिंतीनं वेगळं केलेलं, कडुनिंबाची सावली. मालक नागपूरला असत. शिवाय तोरण बांधायला एका बाजूला कडुनिंब आणि दुसऱ्या बाजूला अगदी सरळ, उंच, चुन्यानं रंगवलेला खांब. असा खांब गावात दुसरा नव्हता.

तो खांब म्हणजे पेट्रोलच्या टाकीचा व्हेंट पाइप.

हसा. मीही हसतो. टाकीच्या नाकाला आंब्याचं तोरण बांधणारा महाराष्ट्रात मी एकटाच असणार.

त्याच्या आदल्या वर्षी एक फजिती झाली होती. प्रमुख पाहुण्या सरपंचबाई. त्यांची खुर्ची त्या खांबाशेजारी. दुपारचं उकाड्याचं, वारा पडलेला, नळीतून वास खाली यायला लागला. बाईंनी जो पदर नाकाला लावला तो भाषण संपेपर्यंत काढला नाही. फोटोत सगळीकडं बाई नाकावर पदर धरून आणि शेजारी मी दात काढून. गावात विचारणा सुरू — ‘मुरलीभाऊ, तुमच्या अंगाचा वास येते का बाईले?’ फार लागलं मला ते. आग लागेल याचं काही वाटलं नव्हतं, बरं का. फोटो खराब आला याचं वाटलं.

म्हणून त्या वर्षी मी बंदोबस्त केला.

खताच्या पोत्यात आत एक जाड पन्नी असते, युरियाला ओल लागू नये म्हणून. तसली एक घेतली, चौघडी केली, मांडववाल्याची शिडी लावून स्वतः वर चढलो — हे पोट घेऊन! — आणि नळीच्या तोंडावर ती चढवून सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं आवळून बांधली. पट्टी ताणून ताणून गुंडाळली. मग ती कुरूप दिसू नये म्हणून वरून बेगडाचा लाल गोंडा आणि आंब्याचा डहाळा. खाली उतरलो, मागं सरकून पाहिलं. काय सुरेख दिसत होतं! मनात म्हटलं, वास बंद म्हणजे धोकाही बंद. आता बाई निरांजन लावोत नाहीतर होळी पेटवोत.

हे मी म्हटलं. मी. ज्याला आज लोक टाकी कशी भरावी हे शिकवायला बोलावतात.

सोहळा झकास झाला. लाकडी नंद्यांची रांग, कोणाच्या शिंगांना सोनेरी कागद, कोणाला खरी झूल. बाईंनी ओवाळलं. कोणाच्या नाकाला पदर नाही. शेवटी बाईंनी बांबूच्या आकडीनं तोरण तोडलं, ‘हर हर महादेव’ झालं, पोरं पांगली. तोरण तुटलं, वरचा गोंडा तसाच राहिला. आकडी कडुनिंबाला टेकवून ठेवली गेली. आणि मी? मी फोटो पाहत बसलो.

संध्याकाळी टाकीनं मला सांगून पाहिलं, हेही कबूल करतो. पेट्रोलच्या मशीनची धार बारीक झाली. गाड्यांची रांग लागली. एक शेतकरी करवादला, ‘काऊन गा, पेट्रोल देऊन राह्यला का तीर्थ देऊन राह्यला?’ पेट्रोल बाहेर चाललंय आणि आत हवा शिरत नाही, म्हणजे नाक दाबून कोणाला पाणी प्यायला लावावं तसं टाकीचं चाललं होतं. मी काय केलं? मशीनला लाथ मारली. मग फिल्टरला शिव्या दिल्या. मग घरी जाऊन पुरणपोळी खाल्ली.

सकाळी शब्बीरभाईचा टँकर आला.

केस नीट. गुटके. तार. बिस्मिल्ला. पोटाची चौकशी. आम्ही दोघांनी टाकीची पट्टी टाकून माप पाहिलं, जागा भरपूर होती. झाकण बंद केलं, पाइप जोडला, त्यानं टँकरचा व्हॉल्व्ह उघडला. सुरुवातीला पेट्रोल नेहमीसारखं सुटलं. त्याचं गाणंही सुटलं. मग पाइपातली थरथर कमी झाली. मग जवळजवळ थांबली. त्यानं गाणं थांबवलं.

‘मॅनेजरसाब, तुमची टाकी कायले रुसून राह्यली? घेऊन नाई राह्यली.’

‘काल पुरनपोळी जास्त झाली असंन तिले,’ मी म्हणालो. विनोद तरी कधी सुचावा!

तो वाकला, पाइपाला कान लावला. मग उठला, टँकरपाशी गेला आणि — आता मी जे लिहितो ते नीट वाचा, कारण हे एवढंच सांगायला मी इतका वेळ गोल गोल फिरतो आहे — त्यानं व्हॉल्व्ह बंद केला. दांड्याला त्यानं ओळखीसाठी लाल चिंधी बांधलेली होती. ती चिंधी उभ्याची आडवी झाली. मी हातभर अंतरावर उभा होतो. माझे डोळे धड होते, चष्मा नाकावर होता, ऊन माझ्या पाठीमागं होतं. मी पाहिलं. त्यानं दांडा एकदा ओढूनही पाहिला, बसला आहे ना म्हणून. मग पुन्हा माप पाहायला तो टाकीच्या मापाच्या झाकणाशी आला. त्यानं वर पाहून नळी तपासायला हवी होती म्हणता? काय दिसलं असतं त्याला? गोंडा. आंब्याची पानं. सणाचं गाव.

झाकण फिरवलं.

त्या झाकणाखालची नळी थेट टाकीच्या तळापर्यंत गेलेली असते. वर कोंडलेली हवा, तिला नाक नाही. तिनं सगळा जोर खालच्या पेट्रोलवर टाकला आणि पेट्रोलला एकच वाट मोकळी मिळाली. ते सरळ वर आलं. शब्बीरभाईच्या छातीवर, दाढीवर, डोळ्यांत. तो ओरडला नाही. एक हुंकार आला फक्त, आणि डोळे मिटलेले असतानाही तो माणूस झाकण चाचपडत परत बसवायचा प्रयत्न करत होता. त्याच्या ‘नहा लिया’वर मी वर्षानुवर्षं हशे घेतले. तो प्रत्यक्षात म्हणाला होता, ‘गाडी चालू करू नका कोनी!’

आमच्या पोरांनी विजेची बटणं पाडली, गिऱ्हाइकांच्या मोटारसायकली ढकलत रस्त्यापलीकडं नेल्या, वाळूच्या बादल्या ओतल्या, शब्बीरभाईला नळाखाली धरलं. प्रत्येकानं काहीतरी केलं. एक ठिणगी पडली असती तर आज ही गोष्ट सांगायला मीही नसतो आणि ऐकायला तो तर नसताच. पडली नाही. याचं श्रेय कोणाला? कोणालाच नाही. त्या सकाळी नशीब ड्यूटीवर होतं, एवढंच.

आणि मी? मी धावलो. जोरात धावलो. पण वाळूकडं नाही, शब्बीरभाईकडं नाही. मी मागच्या आवारात धावलो, कारण कारंजं उडाल्याबरोबर माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला होता. गोंडा! कडुनिंबाला टेकवलेली आकडी घेतली आणि गोंडा, पन्नी, पट्टी — सगळं खेचून खाली पाडलं. नळीनं असा लांब सुस्कारा सोडला, ‘फुस्स्स’, की मला वाटलं तिनं माझ्या आईचा उद्धार केला. पन्नीची घडी करून पँटच्या खिशात कोंबली. वळलो तर मागं मालक उभे. नेमके त्या सकाळी नागपूरहून आले होते.

त्यांनी काय पाहिलं? सगळे पुढं गोंधळ घालताहेत आणि मॅनेजर एकटा शांतपणे पेट घेईल अशी सजावट काढतो आहे. म्हणाले, ‘वा मुरलीधर! कागदाले आग धरन, हे तुलेच सुचलं.’

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, ‘सवय लागली जी आता.’

दुपारी तेल कंपनीचे साहेब आले. शब्बीरभाईचे डोळे लाल, अंगावर माझाच जुना शर्ट, त्यात तो दोनदा मावला असता. साहेबांनी विचारलं, व्हॉल्व्ह बंद न करता झाकण उघडलं का? ‘बंद केला होता साब. मॅनेजरसाब होते ना बाजूले, विचारा त्याहिले.’ असं म्हणताना त्यानं माझ्याकडं पाहिलं. हसून पाहिलं. त्याला खात्री होती.

साहेब माझ्याकडं वळले. ‘तुम्ही पाहिलं?’

किती सोपा प्रश्न होता! ‘हो’ म्हणायचं. एक अक्षर. पण त्या ‘हो’च्या मागोमाग दुसरा प्रश्न येणार होता — मग कारंजं उडालं कशानं? — आणि त्याचं उत्तर माझ्या पँटच्या खिशात होतं. वास मारत होतं. मी चष्मा पुसला.

‘साहेब,’ मी म्हणालो, ‘माझं लक्ष नव्हतं.’

झालं. हा माझा गुन्हा. पन्नी बांधली तो मूर्खपणा. तो मी हसत हसत सांगेन. गावभर मूर्ख म्हणून मिरवायला मी भीत नाही, मिरवतोच. पण हे तीन शब्द मूर्खपणा नव्हते. हे मी चष्मा पुसता पुसता विचार करून बोललो.

 शब्बीरभाईचं हसू एकदम गेलं नाही, हळूहळू गेलं. डेपोत त्याचा पास रद्द झाला, ट्रान्सपोर्टवाल्यानं टँकरवरून उतरवलं. संध्याकाळी ती पन्नी मी नाल्यात टाकली. पँटचा वास बरेच दिवस गेला नाही. बायको म्हणायची, ‘तुमच्या कामाचाच वास हाय तो.’ खरं बोलत होती.

मग मी ती गोष्ट रचली. कशासाठी? मला वाटतं, लोक हसत राहिले की कोणी विचारत नाही, म्हणून. हसणाऱ्या माणसाच्या तोंडात प्रश्न मावत नाही. आणि मालकांनी ‘प्रसंगावधान’ म्हणून मलाच सुरक्षेचा माणूस केलं. बिल्ला मिळाला. तो लावून मी नाक मोकळं ठेवण्यावर भाषणं देत सुटलो. मनापासून देतो, हं! आमच्या पंपावर तोरण सोडा, नळीजवळ कोणी रुमाल वाळत टाकलेला मला चालत नाही. तान्हा पोळाही आता शाळेत भरतो. पण हे काही भरपाई म्हणून सांगत नाही. नळी मोकळी ठेवल्यानं तोंड मोकळं होत नाही.

शब्बीरभाई आता काळीपिवळी चालवतो. बल्लारपूर ते गोंडपिपरी, माणसं, कोंबड्या, तांदळाचे कट्टे, सगळं एका जीपमध्ये. केस अजून मेंदीचे. डिझेल आमच्याकडंच भरतो. ईदेचा डबा अजून येतो. मी खातो. चवीनं खातो, आता सांगतोच आहे तर हेही सांगून टाकतो.

पण एक गोष्ट मी फार दिवस पाहून न पाहिल्यासारखी केली होती. डिझेल भरायला आला की तो गाडीतून उतरतो आणि लांब, कडुनिंबाखाली जाऊन उभा राहतो. टाकीचं झाकण स्वतः उघडत नाही. ज्याच्या हाताखालून अख्खे टँकर रिकामे झाले तो माणूस आपल्या जीपचं झाकण उघडत नाही! ‘छायाबाई, तुमीच उघडा वो,’ म्हणतो. छायाबाई आमच्याकडं डिझेलच्या मशीनवर आहेत. पोरं लग्नाची झालेली, तोंड फाटकं, मन स्वच्छ. एकदा त्यांनी विचारलं त्याला, ‘काऊन गा शब्बीरभाऊ, झाकनाले काय विंचू चावते का?’

तो म्हणाला, ‘माह्या हाताचा भरोसा नाई बाई. तवा वाटे की व्हॉल्व्ह बंद केला होता. अल्लाकसम, आठवते मले दांडा ओढलेला. पन साब म्हनले नाई. मॅनेजरसाबले बी दिसलं नाई. आता बाजूच्या मानसाले नाई दिसलं, तं मंग नसंनच केला ना?’

हे मी केबिनच्या खिडकीतून ऐकलं. मला वाटत होतं मी त्याचा टँकर घेतला. टँकर तर गेलाच. पण त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं, हातानं केलेलं, तेही मी काढून घेतलं होतं. त्याचं त्यालाच खरं वाटेना.

तरी सांगितलं का लगेच? छे. तुम्ही मला अजून ओळखलं नाही.

मग मागच्या महिन्यात एका यार्डात भाषण होतं. मालकांनी आमची माणसंही सोबत पाठवली होती, छायाबाई पुढच्याच रांगेत. मी रंगात आलो. कारंजं छताला लागलं, मेंदी गळाली, यार्ड हसून लोळलं. आणि हशा ओसरता ओसरता छायाबाई आपल्या सहज बोलल्या, ‘पन मुरलीभाऊ, तुमी तवा कुठी होता?’

बस, एवढंच. त्यांच्या मनात काही नव्हतं. इतकी वर्षं गोष्ट सांगतोय आणि गोष्टीत मी कुठंच नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही! सगळी माणसं होती — ड्रायव्हर, साहेब, गिऱ्हाईक, वाळू टाकणारी पोरं. मीच नव्हतो.

‘मी... तोरन काढत होतो,’ मी म्हणालो.

यार्ड पुन्हा हसलं. मला ते पहिल्यांदाच ऐकवलं नाही.

गेल्या आठवड्यात शब्बीरभाई डिझेलला आला. जीप गच्च. तो उतरला, कडुनिंबाकडं चालला. मी केबिनमधून निघालो आणि त्याच्या मागं गेलो. वाटेत तीनदा परत फिरावंसं वाटलं, त्यातलं एकदा फिरलोही; पण छायाबाईंनी हाक मारली, ‘पेन विसरला का भाऊ?’ म्हणून मग परत वळलो.

‘बोला मॅनेजरसाब,’ तो म्हणाला. ‘पोट काय म्हनते?’

मी म्हणालो, ‘शब्बीरभाई, तवा तुमी व्हॉल्व्ह बंद केला होता. चिंधी आडवी झाली होती. मी पाह्यलं होतं.’

त्यानं माझ्याकडं नीट पाहिलं.

‘आन् टाकीची नळी मी बांधली होती. तान्ह्या पोळ्याले. वास येऊ नाई म्हून. पन्नीनं.’

तो त्या नळीकडं पाहत राहिला. कडुनिंब, नळी, मधली मोकळी जागा. तोरण बांधायचो तेवढी. मग म्हणाला,

‘कोनती पन्नी?’

‘खताच्या पोत्याची. आतली. चौघडी करून.’

‘अन् बांधली कायनं?’

‘सायकलच्या ट्यूबनं.’

त्यानं मान हलवली. ‘मंग बराबर,’ म्हणाला. ‘मंग उडनच.’ हिशेब लागत नसलेल्या माणसाला शेवटचा आकडा सापडावा तसा त्याचा आवाज होता. मला वाटलं आता शिवी येईल. मी वाट पाहत होतो. आली असती तर बरं वाटलं असतं, म्हणूनच बहुतेक त्यानं दिली नाही.

जीपमधून एका म्हातारीनं आवाज दिला, ‘चाल ना गा बाबू! डाक्टर जाईन ना उठून! का इथीच वस्तीले राह्यतं?’

‘आलो आजी,’ तो म्हणाला. माझ्याकडं न पाहता तो जीपकडं गेला. छायाबाई सवयीनं झाकणाला हात घालत होत्या.

‘सरका बाई,’ तो म्हणाला.

त्यानं स्वतः झाकण उघडलं. डिझेल भरेपर्यंत तिथंच उभा राहिला, लांब नाही. भरून झाल्यावर झाकण बसवलं, फिरवलं आणि एकदा ओढून पाहिलं, बसलं आहे ना म्हणून. अगदी तसंच. मी दुसऱ्यांदा पाहिलं.

चहा घेतला नाही. मी विचारलाही नाही. जीप सुरू झाली, रस्त्याला लागली, आणि मग त्यानं खिडकीतून मेंदीचं डोकं बाहेर काढलं. सगळ्या पंपाला ऐकू जाईल असा ओरडला,

‘येतो, फव्वारा!’

जीपमधली माणसं वळून वळून पाहू लागली, हा कोणाला म्हणतो म्हणून. छायाबाईंनी इकडंतिकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. तिथं दुसरं कोणी नव्हतं.

तेव्हापासून पंपावर मला हेच नाव आहे. का, ते त्यांना अजून माहीत नाही. हे छापून आलं की कळेल. मालकांना कळेल, कंपनीच्या साहेबांना कळेल, बिल्ला देणाऱ्यांना कळेल. सकाळी शटर वर गेलं की छायाबाई मशीनवरून ओरडतात, ‘ओ फव्वाराभाऊ, चाबी कुठी हाय?’

मी ओ देतो.